१९७१ ची ‘विक्रांत’ नेमकी कशी दिसत होती? युद्धनौकांच्या प्रतिकृतींमागचा शोध

गेल्या वर्षी नौदल दिनाच्या आधी माझा भाचा पुठ्ठ्याची ‘विक्रांत’, म्हणजे विमानं वाहून नेणारी आपली जुनी युद्धनौका, घेऊन आमच्याकडे आला. शाळेत प्रदर्शन होतं. पुठ्ठा कापून, करडा रंग देऊन, काड्यापेटीतल्या काड्यांची डोलकाठी उभी करून त्याने झकास काम केलं होतं. खाली पाटी होती, ‘१९७१ च्या युद्धातील आयएनएस विक्रांत’. पण डेकचं, म्हणजे विमानं उडतात त्या वरच्या सपाट भागाचं, पुढचं टोक घसरगुंडीसारखं वर उचललेलं होतं आणि मागच्या झेंड्यावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती होती.

“मामा, मोबाइलवरच्या फोटोत असंच आहे,” तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. दर वर्षी ४ डिसेंबर जवळ आला की असेच फोटो फिरतात आणि त्यांखाली ‘१९७१’ असंच लिहिलेलं असतं. पण ती घसरगुंडी, म्हणजे विमानाला वर फेकणारा उतार, ‘विक्रांत’वर बसवला ऐंशीच्या दशकात, सी हॅरिअर विमानं आल्यावर. १९७१ साली तिचं डेक पुढेही सपाट होतं आणि सी हॉक विमानं वाफेच्या जोरावर चालणाऱ्या कॅटापल्टने, म्हणजे गोफणीसारख्या यंत्राने, उडत होती. झेंडा तर २ सप्टेंबर २०२२ चा. त्याच दिवशी कोचीला नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिचंही नाव तेच, क्रमांकही तोच, आर ११. मोबाइलवर शोधलं की दोन्ही जहाजं एकाच ताटात वाढून येतात.

त्या संध्याकाळी भाच्याला जे समजावत बसलो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं युद्धनौकांच्या प्रतिकृती करतो. नाशिकला समुद्र नाही, आपलं पाणी म्हणजे गोदामाई आणि गंगापूर धरण. लोक विचारतात, इथे बसून तुम्हाला कळतं तरी कसं, जहाजावर कुठे काय होतं ते? प्रश्न रास्त आहे.

स्केल म्हणजे काय

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूशी असलेलं प्रमाण. १/३५० स्केल म्हणजे जहाजावरचे ३५० सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर. जुनी ‘विक्रांत’ सुमारे २१३ मीटर लांब होती, म्हणजे प्रतिकृती ६१ सेंटिमीटरची, शोकेसच्या एका फळीवर मावणारी. १/७०० मध्ये ती निम्मी होते.

आता एक मिलिमीटरची चूक बघा. १/३५० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर ३५ सेंटिमीटर. दार तेवढ्याने अरुंद झालं तर खलाशी त्यातून आत जाऊ शकणार नाही. खलाशी स्वतः इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढा. कठड्याचा २५ मिलिमीटर जाडीचा गज इथे केसाएवढा होतो. असे भाग पितळेच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढतात, त्यांना फोटो-एच म्हणतात. ते चिमट्याने उचलून चिकटवायला हात स्थिर लागतो, पण ते सवयीने जमतं. कुठे चिकटवायचं हे ठरवायला मात्र महिने जातात.

आधी तारीख ठरवा

नवख्याला वाटतं, जहाज निवडलं की काम सुरू. माझा आग्रह असतो की आधी तारीख निवडा. नुसतं वर्ष पुरत नाही. निदान महिना हवा, जमलं तर दिवस.

घराचंच बघा ना. तुमच्या वाड्याचं किंवा फ्लॅटचं चित्र काढा म्हटलं तर तुम्ही विचाराल, कधीचं? बाल्कनीला ग्रिल बसवण्याआधीचं की नंतरचं? सौर बंब आला होता का? युद्धनौका याहून वेगाने बदलते. लढाई चालू असताना तोफा वाढतात, होड्या काढतात, रडार येतं, रंग बदलतो.

जर्मन ‘बिस्मार्क’चं उदाहरण घ्या. मे १९४१ मध्ये ती बाल्टिक समुद्रातून निघाली तेव्हा तिच्या अंगावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते. नॉर्वेच्या खाडीत २१ मेच्या सुमारास ते करड्या रंगाखाली झाकले. २४ मे रोजी तिने ब्रिटिशांची ‘हूड’ बुडवली तेव्हा ती करडी होती, आणि २७ मे रोजी तीही बुडाली. आठवडाभरात दोन रूपं. ‘हूडशी लढणारी बिस्मार्क’ म्हणून पट्टेवाली प्रतिकृती मांडली तर हात कितीही सफाईचा असो, ती चूकच.

आपल्या नौदलाच्या झेंड्याचंही तसंच. १९७१ साली पांढऱ्या झेंड्यावर लाल क्रॉस होता आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. २००१ मध्ये तो क्रॉस गेला, २००४ मध्ये परत आला, मध्यभागी अशोकस्तंभ घेऊन. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. २०२२ मध्ये क्रॉस कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या मुद्रेची आठवण देणारा आत्ताचा झेंडा आला. हा झेंडा मराठी माणसाच्या मनाला भिडतो, मलाही. म्हणूनच भाच्याने तो काढला होता. पण १९७१ च्या खलाशांनी सलामी दिली ती त्या जुन्या झेंड्याला, आणि प्रतिकृती त्यांच्या जहाजाची होती.

नकाशा मिळाला की झालं का?

नाही. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि प्रत्यक्ष उभं राहिलेलं घर यांत किती अंतर असतं हे नाशिककराला सांगायला नको. जहाजाचंही तसंच. आधी आराखड्याचे नकाशे होतात, मग बांधताना बदल होत जातात. ब्रिटिश गोद्यांमध्ये जहाज पूर्ण झाल्यावर ‘जसं बसवलं तसं’ दाखवणारे वेगळे नकाशे काढत, त्यांना ‘अ‍ॅज फिटेड’ नकाशे म्हणतात. पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वेळचा नकाशा म्हणा ना. पुढे डागडुजीत काही बदललं की त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या शाईने नोंद करत. लंडनमधल्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात असे नकाशे मोठ्या संख्येने जपलेले आहेत. आपली ‘विक्रांत’, ‘खुखरी’ यांच्यासारखी जहाजं ब्रिटनमध्येच बांधली गेल्यामुळे तिकडच्या पद्धती समजून घेणं आपल्यालाही भाग आहे.

दुसरा मोह सख्ख्या भावंडांचा. एकाच आराखड्याच्या जहाजांना सिस्टर शिप म्हणतात. ‘विक्रांत’ मुळात ‘हर्क्युलिस’ नावाने १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतली होती. महायुद्ध संपलं, काम थांबलं, आणि १९५७ मध्ये भारताने ते अर्धवट जहाज विकत घेऊन बेलफास्टला पूर्ण करून घेतलं. तिच्या वर्गात सहा जहाजं. एक कॅनडात ‘बोनाव्हेंचर’ झालं, एक ऑस्ट्रेलियात ‘मेलबर्न’, एक तर कधी पूर्णच झालं नाही. सांगाडा एक असला तरी प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने वेगळी यंत्रं, वेगळ्या तोफा, वेगळ्या डोलकाठ्या बसवल्या. किटवाले, म्हणजे प्रतिकृतीच्या सुट्या भागांचे तयार संच विकणारे, अनेकदा एकाच साच्यातून भावंडं काढतात आणि नावाचं स्टिकर बदलतात. डब्यावरच्या चित्रावर विसंबलात तर ‘मेलबर्न’च्या अंगावर ‘विक्रांत’चं नाव येतं.

फोटो खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे तारीख असलेला फोटो. पण तो वाचायला शिकावं लागतं.

तुमच्या घरी पणजीचा जुना फोटो असेल तर काढून बघा. कपाळावरचं कुंकू अनेकदा काळं कुळकुळीत दिसतं. पणजी काही काळं कुंकू लावत नव्हती. जुन्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. तिच्यात लाल काळा होतो आणि निळा उजळ, फिकट होतो. नंतरच्या पँक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसत, पण भिंगावर लाल किंवा पिवळी काच लावली की निळा पुन्हा गडद. म्हणजे एकाच जहाजाचा निळसर पट्टा एका फोटोत जवळपास पांढरा आणि दुसऱ्यात गडद येऊ शकतो. पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ रोजी बुडालेल्या अमेरिकी ‘अ‍ॅरिझोना’चा रंग गडद करडा की निळा, यावर जाणकारांचा वाद वर्षानुवर्षं चालला.

“मग रंगीत फोटो घ्या की!” घेतो, पण जपून. सत्तर-ऐंशीच्या दशकातला लग्नाचा अल्बम उघडा. सगळे वऱ्हाडी लालसर झालेले दिसतील. त्या कागदावरचा निळसर थर आधी उडतो आणि उरतो तो लाल-पिवळा. १९७१ च्या रंगीत छापील फोटोतली करडी बाजू आज तपकिरी दिसते, म्हणून ती तेव्हाही तपकिरी होती असं नाही.

पुढचा अडसर म्हणजे सेन्सॉर. महायुद्धात रडार हे गुपित होतं. वर्तमानपत्राला फोटो देण्याआधी डोलकाठीवरची रडारची जाळी ब्रशने पुसून टाकत, कधी जहाजाचा क्रमांकही घालवत. तेव्हा फोटोत दिसत नाही एवढ्यावरून ती वस्तू जहाजावर नव्हती असं म्हणता येत नाही. डोलकाठीच्या टोकाला आकाशाचा रंग जरासा वेगळा, सपाट वाटला की मला शंका येते. याच्या अगदी उलट अमेरिकी नौदलाच्या गोद्यांची पद्धत. दुरुस्ती करून जहाज बाहेर पडताना ते सगळीकडून फोटो काढत आणि जे जे नवीन बसवलं त्याभोवती पांढरं वर्तुळ काढून ठेवत, वर तारीख घालत. असा फोटो हाती लागला की मला दिवाळी झाल्यासारखं वाटतं.

मग फोटोखालचा मजकूर. आनंदवल्लीवरून जाताना मला हटकून ‘ध चा मा’ आठवतो. एक अक्षर बदललं आणि हुकुमाचा अर्थच फिरला, असं म्हणतात. फोटोंचं तसंच होतं. एकाने चुकीचं साल लिहिलं की पुढचे शंभर जण तेच उतरवतात, आणि शंभर ठिकाणी दिसलं म्हणून ते खरं वाटायला लागतं. कधी निगेटिव्ह उलटी छापली जाते आणि डावीकडचं उजवीकडे जातं. हे पकडायची सोपी खूण आहे. विमानवाहू जहाजाचा मनोरा, ज्याला आयलंड म्हणतात, तो ‘विक्रांत’वर उजव्या बाजूला होता. पुढच्या टोकाकडे तोंड करून पाहताना तो डावीकडे दिसला तर फोटो उलटा आहे. म्हणून मी फोटोखालचं वाचायच्या आधी फोटो बघतो. डेकवर सी हॅरिअर असेल तर तो १९८३ च्या आधीचा असूच शकत नाही, खाली काहीही लिहिलेलं असो.

फोटोवरून माप कसं काढतात

हे त्रैराशिक आहे, सातवीतलं. फोटोत अशी एक वस्तू शोधायची जिचं खरं माप माहीत आहे. सी हॉक विमानाची लांबी १२.०९ मीटर. समजा छापील फोटोत ते आडवं उभं आहे आणि पट्टीवर २४ मिलिमीटर भरतंय. शेजारचा, विमानं ओढणारा ट्रॅक्टर ७ मिलिमीटर. मग ट्रॅक्टर झाला साधारण साडेतीन मीटर, आणि १/३५० मध्ये १० मिलिमीटर.

अट एकच, दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. रामकुंडावर फोटो काढला की पुढे उभं असलेलं पोर मागच्या देवळाच्या कळसाएवढं दिसतं, तो घोटाळा इथेही होतो. म्हणून मी एकच माप निदान तीन फोटोंवरून काढतो. तिन्ही उत्तरं जवळपास आली तरच ब्लेड हातात घेतो.

ज्यांना जमेल त्यांनी गोव्याला दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात जावं. सी हॉक, अ‍ॅलिझे आणि सी हॅरिअर तिथे उघड्यावर उभी आहेत. ‘विक्रांत’ २०१४ मध्ये भंगारात गेली आणि मुंबईत दारूखान्याला तिचे तुकडे झाले, पण तिच्या डेकवरून उडालेल्या जातीची विमानं डोळ्यांनी बघता येतात. मी गेलो तेव्हा सी हॉकच्या दुमडणाऱ्या पंखाच्या बिजागरीपाशी अर्धा तास उभा होतो. पंख दुमडले की विमान केवढं निमुळतं होतं आणि छोट्या डेकवर इतकी विमानं कशी दाटीने उभी करत, हे कुठल्याच नकाशावरून तोवर मला कळलं नव्हतं.

रंग: डब्यावर नंबर असतो, मग अडचण काय?

घराला रंग देताना आपला रंगारी काय करतो? पांढरा रंग घेतो, त्यात स्टेनर टाकतो, काडीने ढवळतो, भिंतीवर एक पट्टा मारून विचारतो, “बघा, चालेल का?” महायुद्धात अमेरिकी नौदलाची पद्धत फार वेगळी नव्हती. पांढऱ्या रंगाच्या डब्यात जांभळट-निळी पेस्ट कमी-जास्त मिसळून फिकट करड्यापासून गडद निळ्यापर्यंतच्या छटा करत. माप ठरलेलं होतं, पण मिसळणारे हात वेगवेगळे. त्यावर मीठ, ऊन, गंज, आणि घाईघाईत मारलेला नवा पट्टा. त्यामुळे ‘हाच आणि एवढाच करडा’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून मी चार हात लांब राहतो. रंगात थोडी मोकळीक असावी, तोफांच्या संख्येत असू नये.

“आता कॉम्प्युटर रंगवून देतो ना?”

हा प्रश्न हल्ली सगळ्यांत जास्त येतो. कृष्णधवल फोटो टाकला की रंगीत होऊन येतो. बघायला छान वाटतं, पण पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. बेरीज बारा आली एवढंच सांगितलं तर मूळ आकडे सात आणि पाच होते की आठ आणि चार, हे कुणालाच सांगता येणार नाही. करड्या छटेत लाल होता की निळा, ही माहिती फोटो काढतानाच गेलेली असते. यंत्र अंदाज करतं आणि तो पक्क्या रंगात दाखवतं. माझी कळकळीची विनंती आहे, असे फोटो पुढे पाठवताना ‘नंतर रंगवलेला’ असं तरी लिहा.

“तिथे काम केलेल्यांनाच विचारा की!”

जरूर विचारावं. आमच्या इमारतीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा ऐंशीच्या दशकात, असे दोनदा ते ‘विक्रांत’वर होते. डेकच्या कडेला, कठड्याखाली उतरणारी एक छोटी शिडी मला छळत होती. ती नकाशात नाही, काही फोटोंत दिसते, काहींत नाही. “काका, ही होती का हो?” ते लगेच म्हणाले, “होती म्हणजे? रोज उतरायचो तिच्यावरून.” मग त्यांना दोन फोटो दाखवले. बराच वेळ चष्मा वर-खाली करून ते म्हणाले, “अरे, हे मी दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाचं असेल.”

त्यांची आठवण पक्की आहे. शिडीची तिसरी पायरी निसटती होती, हेही त्यांना आठवतं. फक्त तारीख त्या आठवणीला चिकटलेली नसते, आपल्या कुणाच्याच नसते. म्हणून मी आता ‘कसं दिसत होतं’ ऐवजी ‘तुम्ही तिथे काय करायचात’ असं विचारतो. कामाच्या गोष्टी निघाल्या की दार कुठल्या बाजूला उघडायचं, दोर कुठे बांधायचा, हे आपोआप येतं.

हे लष्करी गुपित तर नाही ना, असंही कुणी विचारतं. निवृत्त झालेली जहाजं, प्रसिद्ध झालेले फोटो, खुले संग्रह, एवढ्यावरच हे काम चालतं. चालू गोदीच्या फाटकापाशी कॅमेरा काढू नये, बस.

“एवढं कोण बघतं?”

हा आक्षेप घरूनही येतो. याचं उत्तर देताना मला ‘खुखरी’ आठवते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो डागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवच्या स्मारकात काचेच्या पेटीत त्या जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. खरं जहाज तळाशी आहे, ते कुणाला कधी दिसणार नाही. ज्या घरातला माणूस त्यावर होता, त्या घरासाठी तो जिथे उभा राहायचा ती जागा दाखवणारी वस्तू म्हणजे ती प्रतिकृती. तिथे चुकीची तोफ चालेल, असं मला तरी म्हणवत नाही.

इथेही नावाचा घोळ आहे. याच नावाची दुसरी ‘खुखरी’, एक क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, पुढे नौदलात आली, २०२२ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि आता तीही दीवलाच आहे. १९७१ ची ‘खुखरी’ होती एफ १४९, ब्रिटिश ब्लॅकवुड वर्गाची, सुमारे ९४ मीटर लांबीची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. दुसरी पी ४९. फोटो उतरवून घेताना क्रमांक बघा, नुसतं नाव नको.

जपानच्या ‘यामातो’ या महायुद्धातल्या युद्धनौकेची कथा याच्या उलट्या टोकाची आहे. शरण जाताना जपानी नौदलाने तिचे बरेचसे नकाशे आणि फोटो जाळून टाकले. पुढे समुद्रतळावरच्या अवशेषांचं चित्रण झालं तेव्हा तिच्या पुढच्या टोकावरचं शाही शेवंतीचं फूल समजलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. तोवर जगभरच्या प्रतिकृतींवर ते मोठंच बसत होतं. कागद जाळले की एवढी साधी गोष्टही किती काळ हरवते, बघा.

नाशिकमधून काय करता येईल

पुष्कळ. नाशिकरोड, देवळाली भागात लष्करी परंपरेची कितीतरी घरं आहेत, आणि नौदलात गेलेली मुलं जिल्ह्याच्या गावोगावची आहेत. त्यांच्या अल्बममध्ये जहाजावर काढलेले फोटो असतात. मित्राच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला जवान, आणि त्याच्या मागे बोटभर डेक. घरच्यांना चेहरा हवा असतो, आमच्यासारख्यांना ती बोटभर जागा. असा फोटो चिकटवलेल्या पानावरून ओढून काढू नका. जमलं तर स्कॅन करा, मोबाइलने काढायचा तर सावलीत, सरळ वरून काढा. आणि मागची बाजूही टिपा. तिथे बॉलपेनने लिहिलेली एक ओळ समोरच्या चित्राइतकीच मोलाची असते.

वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणांतले फोटो मात्र ठिपक्यांचे असतात. भिंग लावलं की ठिपके मोठे होतात, जहाज नाही. त्यांचा उपयोग तारखेसाठी.

भाच्याने त्या रात्री पुढचा उतार ब्लेडने कापला, सपाट पुठ्ठा बसवला, आणि झेंडा मला न विचारता स्वतः शोधून पुन्हा रंगवला. माझी ‘विक्रांत’ डिसेंबर १९७१ ची आहे आणि ती अजून अपुरी आहे. काकांनी मागच्या महिन्यात त्यांच्या ट्रंकेतून एक फोटो आणून दिला. त्यात ते हसतायत, आणि त्यांच्या कोपराखाली तीच शिडी स्वच्छ दिसते. फोटो उलटा केला, मागे त्यांच्याच अक्षरात १९७८ लिहिलेलं. म्हणजे १९७८ ला शिडी होती, एवढं नक्की. १९७१ चं अजून कळलेलं नाही. पितळेची ती आठ मिलिमीटरची शिडी मी कापून, घासून, रंगवून एका रिकाम्या डबीत ठेवली आहे, आणि डबीवर चिठ्ठी लावली आहे, ‘फोटो मिळेपर्यंत चिकटवू नये.’